डोस किती? आधी पाणी किती ते सांगा

मुखेडला थंडीची लाट आली तरी नळाचं पाणी गोठत नाही. बालाघाटच्या डोंगरावरचा वारा कितीही बोचरा असो, पारा शून्याकडे फिरकत नाही. गॅसची पाइपलाइन बर्फासारख्या गोळ्यानं तुंबली असं इथं कुणाला सांगितलं, तर पहिला प्रश्न येईल, 'कुठं, काश्मिरात का?' पण दाब १०० बारच्या आसपास असेल आणि गॅसमध्ये पाणी असेल, तर लाइन १८ अंशालाही तुंबते. त्या तापमानाला आपण साधा स्वेटरसुद्धा कंटाळत घालतो.

तुंबवणारा पदार्थ दिसायला बर्फासारखा असला तरी बर्फ नसतो. त्याला हायड्रेट म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरे बांधतात आणि त्यात मिथेन, इथेन, प्रोपेन यांचे रेणू अडकतात. रासायनिक बंध होत नाही, गॅस नुसता कोंडला जातो. एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर त्यातून साधारण १६० घनमीटरच्या वर गॅस बाहेर पडतो. समुद्राच्या तळाखाली याचेच साठे सापडतात. २००६ साली भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजानं कृष्णा-गोदावरी खोऱ्यात असे जाड थर शोधले. तळाखाली ते उद्याचं इंधन म्हणून मोजलं जातं. पाइपात झालं की उत्पादन बंद पडतं.

ते होऊ नये म्हणून लाइनीत मेथनॉल किंवा ग्लायकॉल सोडतात. किती सोडायचं, हा या लेखाचा प्रश्न आहे. मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूर भागातली आयटीआय-डिप्लोमा केलेली मुलं उरण, हाजिरा, काकीनाडा आणि आखातातल्या प्लांटवर शिफ्ट करतात. नांदेडच्या विष्णुपुरीला केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना हा विषय परीक्षेपुरता भेटतो. दोघांनाही सूत्र ठाऊक असतं. सूत्रात टाकायचा पाण्याचा आकडा कुठून आणायचा, हे मात्र क्वचितच कुणी शिकवतं. नव्वद वर्षांचं संशोधन वाचलं की एक विषमता डोळ्यांत भरते. हायड्रेटचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढण्यावर ढीगभर काम झालं आहे आणि लाइनीत पाणी किती आहे यावर त्या मानानं फार थोडं. प्रत्यक्षात डोस चुकतो तो बहुधा पाण्यामुळे.

हायड्रेट पहिल्यांदा नोंदवलं ते हम्फ्री डेव्हीनं, १८१० च्या सुमारास, क्लोरिनच्या प्रयोगांत. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ते प्रयोगशाळेतलं कुतूहल होतं. मग अमेरिकेत लांब पल्ल्याच्या गॅस लाइनी टाकल्या गेल्या, त्या तुंबू लागल्या, आणि १९३४ साली ई. जी. हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं की हिवाळ्यात लाइनीत अडकतं ते गोठलेलं पाणी नसून हायड्रेट आहे. पाणी गोठण्याच्या कितीतरी वरच्या तापमानाला ते बनतं. डोस काढण्याचं त्यांचं सूत्र आजही प्रत्येक हँडबुकात आहे. पुढे १९४० च्या दशकात डोनाल्ड काट्झ यांनी गॅसचं सापेक्ष घनत्व आणि दाब यांवरून हायड्रेटचं तापमान वाचायचा तक्ता दिला. १९५९ मध्ये व्हॅन डर वाल्स आणि प्लॅटू यांनी पिंजऱ्यांचं सांख्यिकी गणित मांडलं. आजची सगळी सॉफ्टवेअरं त्याच गणितावर उभी आहेत.

रसायन ओतायच्या आधी एक विचार करायचा असतो, तो म्हणजे रसायन लागतंच का. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्राचं उदाहरण इथं फार उपयोगी पडतं. बॉम्बे हायचा शोध १९७४ चा, उत्पादन १९७६ पासून. तिथं समुद्राची खोली ७०-८० मीटर, वसईच्या गॅस क्षेत्रात त्याहूनही कमी. एवढ्या उथळ अरबी समुद्रात तळाचं पाणी सहसा विशीच्या पुढेच असतं. गॅस समुद्रातल्या उत्पादन-मंचावरच ट्रायइथिलीन ग्लायकॉलच्या मनोऱ्यातून धुऊन कोरडा केला की पुढच्या लांब लाइनीत पाणी सुटायला कारणच उरत नाही. दक्षिण वसईहून हाजिऱ्याला जाणाऱ्या ३६ आणि ४२ इंची लाइनी प्रत्येकी दोनशे किलोमीटरहून लांब आहेत. एवढ्या लांबीवर रोज रसायन ओतायचं आणि पलीकडे ते परत गोळा करायचं, यापेक्षा एकदाच गॅस सुकवणं परवडतं. वसईच्या गॅसला आणखी एक अडचण होती. तो सावर, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला आहे. या वायूचं हायड्रेट फार सहज बनतं, त्यामुळे काट्झच्या तक्त्यावर विसंबून राहिलं तर उत्तर धोक्याच्या बाजूला चुकतं. सावर गॅससाठी बेली आणि विचर्ट यांनी १९८७ मध्ये वेगळा तक्ता दिला तो याचसाठी. कोरडेपणाला पर्याय नव्हता, कारण ओल्या सावर गॅसनं पोलादही खाल्लं असतं.

पूर्वेकडे गणित उलटतं. काकीनाड्यासमोरच्या केजी-डी६ क्षेत्रात गॅसचं उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झालं. तिथल्या पहिल्या विहिरींची तोंडं हजार मीटरच्या आसपास खोल पाण्याखाली होती आणि तळाचं पाणी सहा-सात अंशांचं. तिथं मंच उभा करून गॅस सुकवायची सोय नाही. ओला गॅस तसाच किनाऱ्यावर गाडीमोग्याच्या टर्मिनलपर्यंत आणायचा असतो. म्हणून किनाऱ्यावरून मोनोइथिलीन ग्लायकॉल, ज्याला सगळे एमईजी म्हणतात, समुद्रतळाच्या लाइनीनं विहिरींपर्यंत पाठवतात. ते गॅसबरोबर परत येतं, त्यातलं पाणी उकळून काढतात आणि पुन्हा पाठवतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये जे कूलंट असतं तेच हे. नॉर्वेच्या ओर्मेन लांगे क्षेत्रात हीच पद्धत १२० किलोमीटर लांबीवर चालते आणि तिथं समुद्रतळ शून्याच्याही खाली असतो.

आता हिशेब. आकडे माझे आहेत, कुठल्याही क्षेत्राचे नाहीत, पण वास्तवापासून लांब नाहीत. गॅस दिवसाला १० लाख घनमीटर. विहिरीच्या तोंडाशी तो ४० अंशाला, १०० बार दाबाला, पाण्यानं संपृक्त. लाइनीत तो थंड होऊन ५ अंशांवर येतो. दाब तेवढाच धरू.

पहिली पायरी, हायड्रेटचं तापमान. सापेक्ष घनत्व ०.६ च्या थोडं वर असलेल्या गोड, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नसलेल्या, गॅससाठी १०० बारला तक्ता साधारण १८ अंश दाखवतो. शुद्ध मिथेन असता तर ते १३ च्या आसपास आलं असतं. चिमूटभर प्रोपेन-ब्युटेनमुळे पिंजऱ्याची रचनाच बदलते आणि पाच अंशांचा फरक पडतो. गॅसच्या नमुन्यात प्रोपेन नीट मोजलं गेलं नसेल तर पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. १८ मधून ५ गेले, १३ अंश राहिले. त्यात ३ अंश राखीव धरले की रसायनानं १६ अंशांचं संरक्षण द्यायचं.

दुसरी पायरी, पाणी. ४० अंशाला १०० बारच्या गॅसमध्ये घनमीटरमागे सुमारे ०.८३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ५ अंशाला फक्त ०.१२ ग्रॅम. उरलेले ०.७१ ग्रॅम लाइनीत पाणी होऊन सुटतात. १० लाख घनमीटरला दिवसाकाठी सुमारे ७०० किलो.

तिसरी पायरी हॅमरश्मिटची. हव्या असलेल्या १६ अंशांना रसायनाच्या रेणुभारानं गुणायचं. जो गुणाकार येईल, त्याला त्याच गुणाकारात १२९७ मिळवून होणाऱ्या संख्येनं भागायचं. पाण्यात रसायनाचं वजनी प्रमाण मिळतं. मेथनॉलचा रेणुभार ३२, म्हणून ५१२ भागिले १८०९, म्हणजे २८ टक्के. एमईजीचा ६२, म्हणून ९९२ भागिले २२८९, म्हणजे ४३ टक्के. मेथनॉलचा रेणू हलका असल्यानं एका किलोत रेणू जास्त बसतात आणि डोस कमी लागतो. सगळा खेळ पाण्यात किती परके रेणू घुसवले याचा आहे.

चौथी पायरी, किलो. ७०० किलो पाण्यात २८ टक्के मेथनॉल राखायला दिवसाला २७५ किलो लागतं. एमईजी ८० टक्के तीव्रतेचं पाठवलं तर दिवसाला ८३० किलो. ते शुद्ध पाठवत नाहीत, कारण शुद्ध एमईजी घट्ट असतं आणि उणे १३ अंशाला स्वतःच गोठतं; त्यात थोडं पाणी घातलं की उलट ते बरंच खालपर्यंत पातळ राहतं.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. पुढचे वाद त्या १२९७ या आकड्यापासून सुरू होतात. हॅमरश्मिटनं तो मेथनॉलसारख्या द्रावणांवरून बसवला. ग्लायकॉलसाठी हँडबुकं १२९७ पासून थेट २२२२ पर्यंतची मुभा देतात. वरच्या उदाहरणात २२२२ घातले तर ४३ टक्क्यांऐवजी ३१ टक्के पुरतात आणि ८३० किलोचा डोस ४४० वर येतो. एका स्थिरांकाच्या निवडीनं डोस जवळजवळ निम्मा! मोठा आकडा आला तो प्रत्यक्ष चालू लाइनींच्या अनुभवातून. वेगात वाहणाऱ्या गॅसमध्ये हायड्रेटला पूर्ण समतोल गाठायला वेळच मिळत नाही, म्हणून कमी ग्लायकॉलवरही भागतं. प्रयोगशाळेत समतोल गाठून केलेली मापनं मात्र १२९७ च्याच जवळ जातात. माझं मत विचाराल तर २२२२ हा वाहत्या लाइनीचा आकडा आहे आणि लाइन सदैव वाहत नाही. वादळात, पंप बंद पडल्यावर, देखभालीत ती थांबते. थांबलेल्या थंड लाइनीला समतोल गाठायला हवा तेवढा वेळ असतो. कागदावर वाचलेलं निम्मं ग्लायकॉल अशाच रात्री महाग पडतं.

मेथनॉलच्या बाबतीत २०-२५ टक्क्यांच्या पुढे हॅमरश्मिट थोडा कमी डोस सांगतो. नील्सन आणि बकलिन यांनी १९८३ मध्ये रेणूंच्या प्रमाणावर आधारलेलं लघुगणकी सूत्र दिलं, ते जास्त तीव्रतेला बरं चालतं. त्यानं आपल्या उदाहरणात २८ ऐवजी सुमारे ३१ टक्के येतात, म्हणजे २७५ किलोऐवजी ३१०. फरक बारा टक्क्यांच्या आसपास. त्याच्या वर संगणकी प्रतिमानं आहेत: मल्टिफ्लॅश, पीव्हीटीसिम, हायसिस. गॅसचं पृथक्करण नीट असेल तर हायड्रेटचं तापमान ती एखाद्या अंशात गाठतात. अलीकडे यंत्रशिक्षणाच्या निबंधांचं पीक आलं आहे. प्रकाशित झालेली तीच जुनी मापनं घेऊन न्यूरल जाळ्याला शिकवायची आणि आलेख सरळ रेषेत बसला म्हणून सांगायचं. त्यात वाईट काही नाही, पण जो भाग आधीच बरा सुटला होता तोच ते पुन्हा सोडवतात.

आता पाण्याकडे. समजा, आपण ४० अंश धरलेलं विहिरीच्या तोंडाशी असलेलं तापमान खरं तर ४५ होतं. थर्मोवेलमध्ये तेल नव्हतं, किंवा काटा जुना होता. ४५ अंशाला गॅसमध्ये घनमीटरमागे १.०५ ग्रॅमच्या पुढे पाणी मावतं आणि लाइनीत ७०० ऐवजी ९३० किलोच्या वर सुटतं. फरक तीस टक्क्यांहून जास्त. दोन नामवंत सूत्रांमधला बारा टक्क्यांचा वाद बाजूलाच राहिला, पाच अंशांच्या थर्मामीटरनं त्याच्या अडीचपट गोंधळ केला.

आणि हे अजून फक्त वाफेचं पाणी झालं. विहिरीतून जमिनीतलं खारं पाणी यायला लागलं की हिशेबाची पाटीच पुसली जाते. आपल्या १० लाख घनमीटरमागे दिवसाला फक्त २ घनमीटर खारं पाणी आलं, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या छोट्या टँकरचाही अर्धाच, तर एकूण पाणी ७०० वरून २,७०० किलो होतं आणि ८० टक्के एमईजीचा डोस ८३० वरून ३,२०० किलोवर जातो. पाण्यातलं मीठ स्वतः थोडं संरक्षण देतं. समुद्राच्या पाण्याएवढ्या खारेपणाचं साधारण दीड अंश. पण १६ अंशांच्या गरजेत त्यानं फारसं निभत नाही. केजी-डी६ च्या पहिल्या क्षेत्रांचं उत्पादन २०१० नंतर वेगानं उतरलं, त्यात विहिरींत पाणी शिरणं हे जाहीरपणे सांगितलेल्या कारणांपैकी एक होतं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती गॅस किती कमी आला याची. पण अशा कुठल्याही क्षेत्रात पाणी वाढतं तेव्हा ग्लायकॉलच्या पंपांना, टाक्यांना आणि उकळणाऱ्या बॉयलरला एकदम वेगळंच ओझं पेलावं लागतं. आराखडा करताना पंप किती मोठा घ्यायचा ठरतं ते या पाण्याच्या अंदाजावरून, आणि तो अंदाज पाच-सात वर्षं आधी, विहिरी खोदायच्या वेळी, बांधलेला असतो. ओर्मेन लांगेसारख्या ठिकाणी प्रत्येक विहिरीवर ओल्या गॅसचे मीटर बसवले गेले ते पाण्याची पहिली चाहूल लागावी म्हणूनच.

मग चालू लाइनीत पाणी मोजायचं कसं? सगळ्यात भरवशाचा मार्ग मला उलट हिशेबाचा वाटतो. जेवढं ग्लायकॉल घातलं ते माहीत आहे. पलीकडे निघालेल्या ग्लायकॉलची तीव्रता मोजा, पाणी आपोआप निघतं. आपल्या उदाहरणात ८३० किलो द्रावणात ६६४ किलो शुद्ध एमईजी होतं. दुसऱ्या टोकाला ते ४३ टक्क्यांऐवजी ३५ टक्के निघालं, तर ६६४ भागिले ०.३५, म्हणजे १,८९७ किलो द्रव. त्यातून पाठवलेले ८३० वजा केले की १,०६७ किलो पाणी मिळतं. आपण ७०० धरलं होतं. ३५ टक्क्यांवर संरक्षण मिळतं ११ अंशांच्या थोडं वर, गरज आहे १३ ची. राखीव तीन अंश तर गेलेच, वर दोन अंशांची तूट. हे कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय, शिफ्टमध्ये उभ्या उभ्या काढता येतं.

तीव्रता मोजायचं साधन आपल्याकडे घराघरात नसलं तरी कारखान्या-कारखान्यात आहे. ऊसतोडीच्या हंगामात नांदेड-लातूरकडे रसाचे दोन थेंब काचेवर ठेवून, उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचतात, तोच रिफ्रॅक्टोमीटर. एमईजीच्या मापाचा मिळतो. थेंब टाकायचा, झाकण लावायचं, काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा वाचायची. फसगत होते ती मिठामुळे. खाऱ्या पाण्यानं रेषा वर सरकते आणि ग्लायकॉल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. म्हणून क्लोराइड वेगळं तपासून वजावट करावी लागते. दुसरी फसगत वेळेची. लांब लाइनीत द्रव खोलगट जागी साचून राहतो आणि गोळा होऊन गठ्ठ्यानं निघतो. आज बाहेर आलेला नमुना आजच्या पाण्याचा नसतो, तो काही दिवसांपूर्वीचा असतो. उत्पादन हळूहळू बदलत असेल तर चालतं. एखाद्या विहिरीत एका रात्रीत पाणी फुटलं तर बाहेरच्या नमुन्याला ते कळेपर्यंत आत गोळा झालेला असू शकतो.

आत जाणारा डोसही गृहीत धरू नये. डोसिंग पंपावर स्ट्रोकचा टक्का लिहिलेला असतो, पण झिजलेला व्हॉल्व्ह आणि आत अडकलेली हवा त्या टक्क्याला जुमानत नाहीत. त्यासाठी पंपाच्या अलीकडे काचेची उभी मापनळी असते, तिला सगळे कॅलिब्रेशन पॉट म्हणतात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपाला नळीतून ओढायला लावायचं आणि घड्याळ धरायचं. ८३० किलोचा डोस म्हणजे दिवसाला सुमारे ७६० लिटर, मिनिटाला अर्धा लिटरच्या किंचित वर. पातळी मिनिटात तेवढी उतरली नाही तर पंप खोटं बोलतोय. कागदावरचं थर्मोडायनॅमिक्स कितीही शुद्ध असलं तरी डोस शेवटी या नळीत ठरतो. आणि एकाच हेडरवरून चार विहिरींना ग्लायकॉल जात असेल तर चौघींना सारखं जात नाही. ज्या विहिरीचा दाब जास्त, तिला कमी. एकूण डोस बरोबर असूनही एखादी विहीर उपाशी राहते.

मेथनॉल की ग्लायकॉल हा जुना वाद आहे. मेथनॉल स्वस्त, पातळ, आणि तयार झालेला गोळा विरघळवायलाही उपयोगी. पण ते उडून जातं. वरच्या उदाहरणात पाण्याला हवं होतं २७५ किलो. गॅसमध्ये वाफ होऊन जाणारं मेथनॉल त्याशिवाय ४०० किलोच्या पुढे. म्हणजे कामाला लागतं त्याच्या दीडपट नुसतं हवेत, आणि द्रव हायड्रोकार्बनमध्ये विरघळतं ते निराळं. नुसतं हॅमरश्मिटचं सूत्र लावून जो थांबतो, तो मेथनॉलचा डोस निम्म्यापेक्षा कमी देतो. नव्या मुलांच्या हिशेबात ही चूक सर्रास दिसते. शिवाय हे मेथनॉल पुढच्या पेट्रोकेमिकल प्लांटला आणि रिफायनरीला नको असतं. आणखी एक गोष्ट महाराष्ट्राला सांगायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मेथनॉलमुळे. त्याची ज्योतही उन्हात दिसत नाही. मेथनॉलच्या ड्रमांचा साठा जिथं असतो तिथं कुलूप आणि मोजदाद लागतेच. एमईजी जवळजवळ सगळं परत मिळतं, पण त्याबरोबर मीठही फिरत राहतं आणि बॉयलरच्या नळ्यांवर चढतं. मीठ काढायचा वेगळा प्लांट बसवावा लागतो. ढोबळमानानं, रोजचा डोस असेल तर एमईजी, आणि सुरू-बंद करताना किंवा अडचणीपुरता हवा असेल तर मेथनॉल.

१९९० च्या दशकापासून तिसरी जात आली, कमी मात्रेची रसायनं. एक प्रकार बहुवारिकांचा. तो हायड्रेटचं बी रुजायला उशीर करतो, थांबवत नाही. दहा-बारा अंशांपेक्षा जास्त थंडावा असेल तर त्याचा इलाज चालत नाही. दुसरा प्रकार हायड्रेट होऊ देतो पण त्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, आणि त्याला सोबत पुरेसं तेल लागतं. दोन्हींचा डोस पाण्याच्या टक्का-दोन टक्के. इथं सूत्र नाहीच. प्रत्येक गॅसवर, प्रत्येक तेलावर यंत्रात तपासून ठरवावं लागतं. पनवेलला ओएनजीसीच्या ऑइल अँड गॅस प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी संस्थेत आणि तिथल्याच गॅस हायड्रेट केंद्रात या तऱ्हेचं काम चालतं, ही आपल्यासाठी जवळची सोय.

कमी डोस दिला तर थोडं तरी संरक्षण मिळेल, हा समज आधी काढायला हवा. अपुऱ्या मेथनॉलवर हायड्रेट उलट लवकर आणि जास्त होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा मंचावर ६ जुलै १९८८ ला स्फोट होऊन १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत मुख्य दोष परवाना पद्धतीचा निघाला, पण त्या रात्री कंडेन्सेटचा पंप का बंद पडला याचा शोध घेताना मेथनॉलचा प्रवाह कमी झाल्यानं हायड्रेट झालं असावं का, हीही शक्यता खोलात जाऊन तपासली गेली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या मॅकोंडो विहिरीवर दीड हजार मीटर खोल पोलादी घुमट उतरवला, तो हायड्रेटनं भरून निकामी झाला. रसायनाची नळी त्याला जोडायच्या आतच.

मराठवाड्यातून जाणाऱ्या किंवा पुढे येणाऱ्या जमिनीखालच्या लाइनींना यातलं काय लागू पडतं? मीटरभर खोलीवर इथली माती हिवाळ्यातही विशीच्या खाली क्वचितच जाते. शिवाय देशातल्या पाइपलाइन नियमांनुसार गॅसचा पाण्याचा दवबिंदू जास्तीत जास्त शून्य अंश असावा लागतो. म्हणजे वाहत्या लाइनीत पाणी सुटत नाही आणि रोजचा डोस शून्य. पण दाब उतरवण्याच्या स्टेशनवर गॅस ७० बारवरून २० बारवर आणताना बारमागे ०.४ ते ०.५ अंश थंड होतो. २५ अंशांचा गॅस शून्य ते पाच अंशांवर येतो, आणि २० बारला हायड्रेटचं तापमानही त्याच्याच शेजारी आहे. म्हणून तिथं हीटर बसवतात. धोका खरा असतो तो नव्या लाइनीचा. लाइन टाकल्यावर तिची दाबचाचणी पाण्यानं घेतात. नंतर पिग, म्हणजे पाइप आतून पुसत जाणारा घट्ट बोळा, पळवून आणि कोरडी हवा फुंकून ती सुकवतात. एखादा ओढा ओलांडताना पाइपाला जो खोलगट भाग राहतो, तिथं चार बादल्या पाणी उरलं, तर गॅस सोडल्यावर ते पहिल्याच रेग्युलेटरवर येऊन बसतं. अशा वेळी सुकवणीच्या शेवटी पिगांच्या मधून मेथनॉलचा गठ्ठा पाठवतात. इथं डोस गॅसवरून काढत नाहीत. पाइपाच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा थर किती मायक्रॉनचा उरला असेल, त्याला आतल्या परिघानं आणि लांबीनं गुणून काढतात, आणि तो थर मोजायला नळी नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या मेथनॉलच्या प्रत्येक बॅरलमध्ये पाणी किती टक्के आहे ते पाहतात आणि तो टक्का उतरेपर्यंत पुढचा गठ्ठा पाठवतात.

त्यानंतर शून्य डोसची सगळी भिस्त दवबिंदूच्या मीटरवर येते. त्या मीटरच्या सेन्सरवर ग्लायकॉलचे थेंब बसले किंवा मेथनॉलची वाफ लागली की तो चुकीचं वाचतो, आणि सुकवणीत नेमकं मेथनॉल वापरलेलं असतं. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या आकड्याची दुसऱ्या, हाताळता येणाऱ्या मीटरशी तुलना करून तारीख-वेळेसह लॉगबुकात लिहून ठेवायची असते. स्टेशनवर नव्यानं रुजू झालेल्या माणसानं हीटरचं तापमान बघायच्या आधी ते पान उघडून बघावं.